असाध्य रोगी आणि राष्ट्राचे धोरण



वसंत ऋतूतील व्याख्यानांत मरणाचा विषय कोठून काढला, असे पुष्कळांच्या मनात आले असेल. शिवाय कामगार चळवळीतल्या माणसाने पगार, महागाई भत्ता, ग्रॅच्युइटी यांविषयी बोलावे, रोग आणि औषधे हा डॉक्टरांचा प्रांत, अशीही एक समजूत आहे. परंतु ज्या माणसाच्या आठ तासांसाठी आम्ही भांडतो, तोच माणूस एके दिवशी अंथरुणाला खिळतो. "आता बरे होणे नाही," असे त्याला सांगण्यात येते. त्यानंतरचे त्याचे दिवस कसे जातील हे केवळ त्याच्या दैवावर अवलंबून नसते. सरकारची तिजोरी, अबकारी खात्याचे परवाने, वैद्यकीय महाविद्यालयांचा अभ्यासक्रम आणि न्यायालयाचे निकाल, एवढ्या सगळ्यांचा त्यात हात असतो. म्हणून हा विषय सार्वजनिक आहे, आणि सार्वजनिक विषयावर बोलण्यास पदवी लागत नाही, अभ्यास लागतो. तो माझ्या कुवतीप्रमाणे करून मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. इंग्रजीत ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, त्याला मी उपशामक शुश्रूषा म्हणतो. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील 'पॅलियम' म्हणजे अंगावर घेण्याचे वस्त्र आहे. आपल्याकडे पांघरूण घालणे म्हणजे दुसऱ्याची चूक झाकणे. येथे मात्र थंडीने कुडकुडणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालणे, हाच सरळ अर्थ घ्यावयाचा. रोग जात नसेल तर नाही, पण वेदना, धाप, ओकारी, पाठीच्या जखमा, दुर्गंधी, झोप न येणे, मनातली भीती आणि घरच्यांची धावपळ यांवर उपाय आहेत. "आता काही करण्यासारखे उरले नाही, घरी न्या," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते शास्त्राला धरून नाही. बरे करण्यासारखे काही उरलेले नसते तेव्हाही करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते.

ही सेवा केवळ कर्करोग्यांसाठी नाही. हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसे निकामी होत चाललेली माणसे, अर्धांगाने पडलेली माणसे, स्मृती गेलेली वृद्ध माणसे, आणि असाध्य व्याधीने ग्रासलेली मुलेही तिच्यात येतात. ती शेवटच्या घटकेची वाट न पाहता, रोगाचे निदान झाले की इतर उपचारांच्या जोडीने सुरू व्हावयास हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना हिची गरज असते, आणि त्यांपैकी शेकडा १४ जणांनाच ती मिळते. उरलेल्या शेकडा ८६ जणांचे काय, हाच धोरणाचा प्रश्न.

धोरण कोणत्या वाटेने येते?

धोरण म्हणजे दिल्लीत कोणीतरी बसून लिहिलेला कागद, अशी आपली कल्पना असते. कामगारांच्या करारांचा मला जो अनुभव आहे तो निराळा आहे. प्रथम कोणाला तरी दुःख दिसते. मग कोणीतरी लहान प्रमाणावर ते दूर करून दाखवितो. तसे करताना कायद्याची एखादी भिंत आडवी येते. ती पाडण्यासाठी मागणी उभी राहते. नंतर कायदा, त्यानंतर पैसा, त्यानंतर शिकलेली माणसे, आणि सर्वांत शेवटी अंमलबजावणी. यांतली एक पायरी गळाली की खालच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली याच गोष्टीचे तीन पाय सांगितले: शासनाचे धोरण, औषधांची उपलब्धता आणि शिक्षण. पुढे अंमलबजावणी हा चौथा पाय त्यांना जोडण्यात आला. तिपाईचा एक पाय आखूड असला तर तिच्यावर बसणारा पडतो, हे सांगावयास तज्ज्ञ नको.

ही वाट इंग्लंडात स्पष्ट दिसते. सिसिली सॉन्डर्स ही बाई प्रथम परिचारिका होती. नंतर ती रुग्णालयात समाजसेविकेचे काम करू लागली, आणि पुढे १९५७ साली डॉक्टर झाली. १९४८ साली तिच्या देखरेखीखाली पोलंडहून आलेला एक निर्वासित कर्करोगाने वारला. हॉटेलात वाढप्याचे काम करणाऱ्या त्या माणसाने मागे ५०० पौंड ठेवले, ते तिच्या भावी सेवासदनातील एका खिडकीसाठी. त्या खिडकीभोवती घर उभे राहण्यास १९ वर्षे लागली. दक्षिण लंडनमधील सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ साली उघडले. तत्पूर्वी दुसऱ्या एका सदनात काम करताना तिने एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. वेदना उसळेपर्यंत थांबून मग इंजेक्शन देण्यापेक्षा, घड्याळाच्या ठोक्याला पोटातून मॉर्फिन दिले तर रोगी वेदनामुक्त आणि शुद्धीवर राहू शकतो. इंग्लंडात राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ पासून होती, तरी हे काम मुख्यतः देणग्यांवर, तिच्या बाहेर वाढले. ब्रिटनमध्ये या शाखेस वैद्यकातील स्वतंत्र स्थान १९८७ साली मिळाले. इंग्लंडचे राष्ट्रीय धोरण २००८ साली आले. आणि ही सेवा पुरविण्याचे स्पष्ट कायदेशीर बंधन तेथील आरोग्यसेवेवर पडले ते २०२२ साली. सेवासदनापासून कायद्यापर्यंत ५५ वर्षे गेली.

त्याच इंग्लंडचा एक फसलेला अध्यायही सांगितला पाहिजे. मरणोन्मुख रोग्याची काळजी कशी घ्यावी याचा एक चांगला नमुना लिव्हरपूल येथे तयार झाला, आणि तो देशभर रुग्णालयांत लागू करण्यात आला. त्याच्या वापराबद्दल काही ठिकाणी जादा निधीही मिळू लागला. हळूहळू तो नमुना म्हणजे खुणा करावयाचा तक्ता झाला. घरच्यांना न विचारता रोग्यांना त्या तक्त्यावर घातले जाते, पाणीसुद्धा नाकारले जाते, अशा तक्रारी आल्या. २०१३ साली बॅरोनेस न्यूबर्गर यांच्या समितीने त्यावर कडक अहवाल दिला, आणि पुढील वर्षापर्यंत तो नमुना मागे घेण्यात आला. सेवासदनात जे काम शिकलेली परिचारिका पलंगाशेजारी बसून करीत होती, ते काम कागदाकडून करवून घेण्याचा तो प्रयत्न होता. माणसे न नेमता नियम वाढविले की काय होते, हे कारखान्यातल्या सुरक्षिततेच्या रजिस्टरावरून आम्हांस ठाऊक आहेच.

"हे श्रीमंत देशांचे चोचले," असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर युगांडाचे. तेथे डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी १९९३ साली काम सुरू केले. मॉर्फिनची भुकटी पाण्यात मिसळून पोटात घेण्याचे स्वस्त औषध तेथे तयार होऊ लागले, आणि सरकारने ते रोग्यांना फुकट देण्याचे पत्करले. परंतु औषध लिहून देण्यास खेड्यापाड्यांत डॉक्टर नव्हते. म्हणून २००४ साली तेथील सरकारने नियम बदलला आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना व वैद्यकीय सहायकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. अडचण नेमकी कोठे आहे ते पाहून तेथेच कायद्याला हात घातला.

आपल्या देशातील मॉर्फिनची कथा

आता आपल्याकडे येऊ. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर, राजस्थानात चित्तोडगड आणि उत्तर प्रदेशाचा काही भाग येथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते. गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी अफू कारखाने आहेत. मॉर्फिन अफूपासूनच निघते, आणि जगाला कायदेशीर अफू पुरविणाऱ्या देशांत आपला क्रमांक वरचा राहिला आहे. म्हणजे विहीर आपल्या अंगणात, आणि घरातला माणूस तहानेने व्याकुळ!

हे असे का झाले? १९८५ साली संसदेने मादक द्रव्यांविरुद्ध कडक कायदा केला. हेतू व्यसनाचा व्यापार मोडण्याचा होता आणि तो योग्यच होता. वैद्यकीय उपयोगाला त्या कायद्याने बंदीही केलेली नव्हती. पण किमान १० वर्षे सक्तमजुरीची तरतूद होती, आणि औषध ठेवण्याचे नियम करण्याचे काम राज्यांकडे होते. राज्याराज्यांनी निरनिराळे नियम केले. एका रुग्णालयाला अनेक परवाने लागू लागले, ते वेगवेगळ्या खात्यांचे, प्रत्येकाची मुदत वेगळी. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपावयाची. औषध विक्रेत्यांनी नसती आफत नको म्हणून मॉर्फिन ठेवणे सोडले. रुग्णालयांनी मागविणे सोडले. नव्या डॉक्टरांना ते वापरण्याची सवयच लागली नाही. देशातील मॉर्फिनचा वापर पूर्वी शेकडो किलो होता, तो १९९७ साली सुमारे १८ किलोवर आला. कर्करोग्यांनी तळमळत मरावे असा ठराव कोणत्याही सभागृहात झाला नव्हता. कोणाची तरी आठवण ठेवावयाची राहून गेली, एवढ्यानेच ते घडले. धोरण जसे लिहून होते तसे ते विसरूनही होते.

याच काळात वाळूतून झरा फुटावा तसे काम सुरू झाले. १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन उघडले. असाध्य कर्करोग्यांसाठीचे ते या देशातील पहिले सेवासदन होय. पुण्यास वारजे येथे १९९७ पासून अशा रोग्यांसाठी विनामूल्य केंद्र चालते. १९९३ साली कोझिकोडे येथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना-निवारणाची संस्था काढली. तिचे पुढले पाऊल मला फार महत्त्वाचे वाटते. रोगी दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाही हे पाहून त्यांनी १९९९ पासून मलप्पुरम व आसपासच्या भागांत शेजारपाजारची माणसे तयार केली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी थोडे प्रशिक्षण घेऊन घरोघर जाऊ लागले. लहानलहान वर्गण्यांवर परिचारिकांचा पगार निघू लागला. डॉक्टर होता, पण तो गाड्याच्या पुढे नव्हता, बरोबर होता. लोकांनी एवढे उभे केल्यावर केरळ सरकारने २००८ साली आपले धोरण जाहीर केले, आणि पंचायती व नगरपालिकांमार्फत घरी जाणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था केली. भारतात राज्य शासनाचे असे धोरण ते पहिलेच. नंतर महाराष्ट्र व कर्नाटक यांनीही धोरणे जाहीर केली. पण केरळात कागदाच्या आधी चळवळ होती, हा फरक विसरता येत नाही.

केंद्राकडील हालचाल संथ होती. १९९८ साली केंद्राने राज्यांना मॉर्फिनचे नियम सुटसुटीत करण्यास सुचविले. थोड्या राज्यांनी ऐकले, पुष्कळांनी फाईल बाजूला ठेवली. २००७ साली या क्षेत्रातील मंडळींनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २०१० साली उपशामक वैद्यकास पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली. २०१२ साली केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने १९८५ च्या कायद्यात दुरुस्ती केली, आणि मे २०१५ मध्ये तिचे नियम निघाले. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही ६ औषधे अत्यावश्यक ठरली. त्यांच्यासाठी देशभर एकच नियम, आणि अनेक खात्यांच्या परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून रुग्णालयास एकच मान्यता, अशी व्यवस्था झाली. २०१४ सालीच जागतिक आरोग्य सभेने सर्व राष्ट्रांना ही सेवा आपल्या आरोग्यव्यवस्थेत सामावून घेण्याचे आवाहन केले. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तिचा उल्लेख आला, आणि २०१८ पासून खेड्यातील आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीत तिचा समावेश झाला.

व्यसनाची भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९९० नंतर औषध कंपन्यांनी नफ्यासाठी याच जातीच्या गोळ्यांचा प्रसार केला, आणि लाखो घरे उद्ध्वस्त झाली. तेथे अतिरेक झाला, येथे उपास घडला. दोन्हींमधला मार्ग म्हणजे शिकलेला डॉक्टर, ठेवलेला हिशेब आणि रोग्याच्या घरी जाणारी परिचारिका. असाध्य रोग्यास देखरेखीखाली योग्य मात्रा दिली असता व्यसनाचा धोका अल्प असतो आणि तो सांभाळता येतो.

कागद आणि उंबरठा

एवढे सगळे झाले, मग अडते कोठे? आपल्या राज्यघटनेप्रमाणे आरोग्य हा राज्यांचा विषय. केंद्र कार्यक्रम आखते, पैशाची वाट दाखविते. तो पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, आणि राज्याने आपल्या वार्षिक आराखड्यात मागितला तरच येतो. जिल्ह्याने मागितले नाही, तर राज्य मागत नाही. राज्याने मागितले नाही, तर केंद्र देत नाही. ज्याच्यासाठी हे सर्व चालले आहे तो अंथरुणावर पडलेला असतो. तो मोर्चा काढू शकत नाही, निवेदन देऊ शकत नाही, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुधा राहत नाही. त्याची संघटना होणे शक्य नाही. म्हणून त्याच्या वतीने निरोगी माणसांनी मागणी केली पाहिजे. या विषयाची खरी अडचण मला ही वाटते.

आमच्या संघटनेतील एका यंत्रमाग कामगाराला तोंडाचा कर्करोग झाला. एका रुग्णालयाने पैसे संपल्यावर त्याला घरी पाठविले. सोबत साध्या डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. गालावरच्या जखमेच्या वासाने मुलेसुद्धा खोलीत येईनात. बायकोने शिलाईचे काम सोडले, कारण त्याला एकटे ठेवणे शक्य नव्हते. पुढे एका सेवाभावी केंद्राची परिचारिका आली. तिने जखम कशी धुवावी ते शिकविले, आणि मेट्रोनिडॅझॉलची गोळी कुटून जखमेवर टाकावयास सांगितली. दोनचार दिवसांत वास गेला. डॉक्टरांकडून मॉर्फिन सुरू झाले, आणि त्याने पोट जड होते म्हणून जुलाबाचे औषधही. त्यानंतर तो सात आठवडे जगला. त्या सात आठवड्यांत मुले त्याच्याजवळ झोपत. औषधाचा खर्च किरकोळ होता. पण ते केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी होते आणि आम्हांला त्याचा पत्ता उशिरा लागला.

यातील बायकोच्या मजुरीचा प्रश्न मी मुद्दाम उचलतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत शेकडा ८० प्रमाणे २ वर्षांपर्यंत भत्ता मिळण्याची तरतूद आहे. पण असंघटित कामगार तिच्या बाहेर, आणि शुश्रूषेसाठी घरी बसणाऱ्या माणसाला तर कोणीच विचारीत नाही. कॅनडाने २००४ साली अशा कुटुंबीयांसाठी ६ आठवड्यांचा भत्ता सुरू केला आणि २०१६ पासून तो २६ आठवड्यांपर्यंत वाढविला. दुसरीकडे, खेड्यात घरभेटीचे काम आपण आशा सेविकांवर टाकतो, आणि त्यांना कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानतो. दयेचे काम करणाऱ्याला मोबदला मागण्याचा हक्क नाही, असा तर यामागे विचार नाही ना?

न्यायालयाची वाट

या प्रश्नाचा दुसरा प्रवाह न्यायालयांतून आला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. मात्र आयुष्याचा शेवटही सन्मानाने व्हावा, हे जगण्याच्या हक्काशी सुसंगत आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर अनेक दशके तेथेच निपचित पडून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे अशी याचिका एका लेखिकेने केली. २०११ साली न्यायालयाने ती फेटाळली, पण विशिष्ट प्रसंगी कृत्रिम उपचार थांबविण्याचा मार्ग प्रथमच मोकळा केला. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे, त्यांची शुश्रूषा केली. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, शुद्धीवर असताना माणसाने लिहून ठेवलेली इच्छा, म्हणजे अशा अवस्थेत मला यंत्रावर ठेवू नये ही सूचना, कायद्याने मान्य आहे. पण तिची पद्धत इतकी किचकट होती की तिचा उपयोग होईना. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे असा लेख करता येतो.

हा निकाल मी स्वागतार्ह मानतो, पण त्याला एक जोड हवी. आपल्या देशात गरीब माणसे यंत्रे रोजच नाकारतात, ती विचाराने नव्हे, खिसा रिकामा झाला म्हणून. जिथे वेदना शमविण्याची सोय नाही, तेथे "उपचार नको" म्हणण्याचा हक्क गरिबाच्या हाती आला तर तो हक्क राहत नाही, नाइलाज होतो. नकार द्यावयाचा असेल तर माणसाला दोन वाटा दिसल्या पाहिजेत: एक यंत्रांची, दुसरी वेदनारहित शुश्रूषेची. दुसरी वाट बांधल्यावाचून पहिलीवरून उतरण्याचा अधिकार अपुरा आहे. म्हणून न्यायालयाचा प्रवाह आणि आरोग्यखात्याचा प्रवाह एकत्र वाहावयास हवेत.

शेवटी आपण नागरिकांनी काय करावे? माझ्या मते आपल्या जिल्हा रुग्णालयाला आणि नगरपालिकेला चार प्रश्न लेखी विचारावेत. २०१५ च्या नियमांप्रमाणे मॉर्फिन ठेवण्याची मान्यता घेतली आहे काय, आणि आज कपाटात ते आहे काय? त्याचा वापर शिकलेला डॉक्टर व परिचारिका कोण? घरी जाणारी सेवा आठवड्यातून किती दिवस असते? आणि या वर्षीच्या आराखड्यात त्यासाठी किती पैसे मागितले? उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावे. करार झाल्यावरही खात्याखात्यांत फिरून तो अंमलात आणावा लागतो, हे आम्ही संघटनेत शिकलो. कायदा झाला आहे, नियम झाले आहेत, औषध आपल्याच मातीत पिकते. आता त्या अंथरुणापर्यंतचे अंतर तेवढे कापावयाचे राहिले आहे, आणि ते कापण्याचे काम चालत्याफिरत्या माणसांचेच आहे.